पुरात बुडालेली गाडी ‘टोटल लॉस’ ठरली: ठेवावी की सोडावी?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझ्या समजण्यात काही चूक असेल तर तुमच्या लगेच लक्षात येईल. तुमची २०१९ ची पेट्रोल हॅचबॅक चिपळूणला मावशीच्या अंगणात उभी होती आणि रात्रीत पाणी सीटच्या वर चढलं. तुम्ही चावी न लावता ती टो करून वर्कशॉपला नेलीत. पॉलिसीवर आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत, ३,६०,०००, वर्कशॉपचं एस्टिमेट ३,४०,०००. विमा कंपनीने गाडी ‘टोटल लॉस’, म्हणजे पूर्ण गेलेली, धरून दोन पर्याय दिलेत. गाडी कंपनीला द्या आणि ३,५९,००० घ्या, नाहीतर गाडी आरसीसकट स्वतःकडे ठेवा आणि २,६४,००० घ्या. गुहागरचा तुमचा नेहमीचा मेकॅनिक म्हणतो, सव्वा लाखात उभी करून देतो. बँकेचे ६२,००० अजून फिटायचे आहेत. गाडी वडिलांनी निवृत्तीनंतर हौसेने घेतलेली, ते आता नाहीत, म्हणून सोडवत नाही.

मी रत्नागिरी जिल्ह्यात पंचवीस वर्षं वाहन विम्याचा सर्व्हेअर, म्हणजे क्लेममधलं नुकसान मोजणारा, म्हणून काम केलं. माझं मत लगेच सांगतो: पाणी खरोखरच सीटच्या वर गेलं असेल तर गाडी सोडा. पण नुसतं मत घेऊन उपयोग नाही. त्यामागचा हिशेब तुम्हाला पटला पाहिजे, कारण त्यातली एक-दोन गृहीतकं तुम्हालाच वर्कशॉपला जाऊन तपासायची आहेत.

तुम्ही ‘दुरुस्ती सव्वा लाखात होते, मग टोटल लॉस का?’ असं विचारताय. तुमच्यासमोरचा खरा व्यवहार वेगळा आहे. कंपनी तुम्हाला ३,५९,००० देणं लागते. गाडी ठेवायची म्हटलं की त्यातले ९५,००० कापले जातात. म्हणजे तुम्ही ही बुडालेली गाडी ९५,००० ला विकत घेताय. त्यात सव्वा लाख दुरुस्तीचे घाला, गाडी २,२०,००० ला पडली. आता क्षणभर वडिलांची आठवण बाजूला ठेवा आणि विचार करा: सीटच्या वर पाणी गेलेली, दुरुस्त केलेली हीच गाडी उद्या एखाद्या अनोळखी माणसाने तुम्हाला सव्वादोन लाखाला देऊ केली असती, तर घेतली असती का? मला तरी कुणी विचारलं असतं तर मी घेऊ दिली नसती.

हे आकडे येतात कुठून तेही बघा, कारण तिथेच पुष्कळांचा गैरसमज होतो. आयडीव्ही हा पॉलिसी घेताना ठरलेला आकडा आहे. पाच वर्षांपर्यंतच्या गाडीला त्याचा तक्ता ठरलेला आहे, पाच वर्षांवरच्या गाडीचा आकडा कंपनी आणि मालक संमतीने ठरवतात. एकदा ठरला की त्या वर्षभरात गाडी पूर्ण गेली तर तोच धरायचा, क्लेमच्या दिवशी त्यावर पुन्हा घसारा लावता येत नाही. तुमच्या बाबतीत फक्त १,००० कापलेत, ते १,५०० सीसीपर्यंतच्या गाडीला लागू असलेलं सक्तीचं एक्सेस, म्हणजे प्रत्येक क्लेममध्ये मालकाने सोसायचा वाटा, आहे. ते बरोबर आहे.

टोटल लॉसचा नियम असा की गाडी बाहेर काढण्याचा आणि दुरुस्तीचा खर्च, पॉलिसीच्या अटी लावून, आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला की गाडी ‘कन्स्ट्रक्टिव्ह टोटल लॉस’ धरतात. तुमच्यासाठी ती रेघ २,७०,००० ला येते. यात ‘पॉलिसीच्या अटी लावून’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. वर्कशॉप एस्टिमेट काढताना शंका असलेला प्रत्येक पार्ट ‘बदली’ म्हणून लिहितं. सर्व्हेअर त्यातून काही कापतो, आणि झिरो डेप (घसारा न कापण्याचं जादा कव्हर) नसेल तर घसाराही लावतो. पाच ते दहा वर्षांच्या गाडीला धातूच्या भागांवर ४० टक्के, प्लास्टिक-रबर-बॅटरीवर ५० टक्के. तेव्हा कागदावर असंही घडू शकतं की ३,४०,००० चे सर्व्हेअरच्या हिशेबात अडीच लाख राहिले आणि गाडी दुरुस्तीच्या क्लेममध्ये गेली.

तसं झालं असतं तर तुमचं भलं झालं असतं का? वर्कशॉपचं बिल तीन लाखांच्या घरात, कंपनी देणार अडीच, वरचे तुमच्या खिशातून, आणि हातात पाण्यातून निघालेली गाडी. ‘टोटल लॉस’ हे शब्द ऐकले की लोकांना आपल्याला लुबाडलं असं वाटतं. पाण्याच्या गाडीत ती बहुतेक वेळा सुटका असते. माझ्याकडे माणसं भांडायला यायची ती ‘टोटल लॉस का केलात’ म्हणून, आणि वर्षभराने काहीजण येऊन सांगायचे की बरं झालं.

तुम्ही चावी लावली नाहीत हे फार चांगलं केलंत. पाणी शिरलेल्या इंजिनाला स्टार्टर मारला की पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि ते नुकसान पुराचं नसून नंतर केलेल्या कृतीचं म्हणून कंपनी बाजूला काढते. इंजिन प्रोटेक्शनचं जादा कव्हर घेतलेलं नसेल तर तिथे मोठी रक्कम हातची जाते.

आता मुख्य मुद्दा, पाणी आणि मार यांच्यातला फरक. याच फरकावर माझं मत बदलतं.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा दापोली तालुक्यात एका शिक्षकांच्या गाडीवर घरच्याच आंब्याची फांदी पडली होती. टप दबलेलं, पुढची काच फुटलेली, बॉनेट दुमडलेलं. अंगण पानांनी भरलेलं, वीज नाही, फोन नाही. मी चारही दारं उघडून-लावून बघितली. दार लावल्यावर भोवतीची फट वरून खालपर्यंत सारखी येत होती, म्हणजे टप धरणारे खांब हलले नव्हते. वर्कशॉपने मात्र अख्खी बॉडी शेल, म्हणजे गाडीचा सगळा पत्र्याचा सांगाडा, बदली लिहिलेली, त्यामुळे आकडा ७५ टक्क्यांच्या वर गेला. शिक्षकांनी मला विचारलं तेव्हा मी म्हटलं, ठेवा. जे मोडलंय ते सगळं दिसतंय. डेंटरने टप कापून दुसरं बसवलं, काच आणि बॉनेट बदललं, आणि ती गाडी अजून चालते. माराचं नुकसान पहिल्याच दिवशी सगळं दाखवतं. खांब आणि चासी शाबूत असेल आणि डेंटर चांगला असेल तर गाडी ठेवणं फायद्याचं होऊ शकतं.

पाण्याचं तसं नाही. २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर चिपळूणमध्ये मी किती गाड्या बघितल्या याची मोजदाद ठेवली नाही. बाजारपेठेतल्या एका दुकानदाराची डिझेल गाडी होती. त्यांनीही तुमच्यासारखाच विचार केला, पैसे घेतले, गाडी ठेवली, लाखभर रुपयांत उभी केली. सीटा धुतल्या, तेलं बदलली, बॅटरी नवी टाकली, आणि गाडी खरंच छान चालू लागली. दिवाळीत ते मला मुद्दाम दाखवायला घेऊन आले होते. फेब्रुवारीत एअरबॅगचा दिवा लागला. मग दारं आपोआप लॉक व्हायला लागली. पुढच्या पावसाळ्यात कुंभार्ली घाट उतरताना पॉवर स्टीअरिंग अचानक जड झालं, गाडीत मुलं होती. नशिबाने वळण संपलेलं होतं. नंतर त्यांनी ती मिळेल त्या किमतीला काढली. एकदम मोठा खर्च असा कधी आला नाही, पण दर दोन महिन्यांनी आठ-दहा हजार जात राहिले, आणि घाटात त्या गाडीवरचा विश्वास गेला तो परत आला नाही.

असं का होतं, ते एकदा डोळ्यांनी बघितलं की विसरत नाही. ड्रायव्हरच्या दाराच्या उंबऱ्यावर जी प्लास्टिकची पट्टी असते ती हाताने वर ओढली की निघते. तिच्याखालून कार्पेट उचलायचं. कार्पेट वरून कोरडं लागतं, पण त्याच्या खाली बोटभर जाडीचा फोम असतो. तो मुठीत दाबा. पूर ओसरून पंधरा दिवस झाले तरी त्यातून गढूळ पाणी ठिबकतं. त्याच फोमला लागून वायरिंगचा जाड जुडगा मागे जातो. मध्ये कुठेतरी एक कनेक्टर असतो, त्याची पकड दाबून दोन तुकडे वेगळे करा आणि टॉर्च मारा. पिना पिवळ्या दिसायला हव्यात. बुडालेल्या गाडीत त्यांच्या बुडाशी हिरवट पांढरी भुकटी दिसते. हा तांब्यावर चढलेला गंज. पहिल्या महिन्यात तो करंट अडवत नाही. सहा-आठ महिन्यांनी अडवतो, तोही कधी अडवतो, कधी नाही, म्हणून मेकॅनिकला सापडत नाही. एअरबॅगचं मॉड्यूल, म्हणजे एअरबॅग कधी उघडायची ते ठरवणारा डबा, बहुतेक छोट्या गाड्यांत पुढच्या दोन सीटांच्या मध्ये खालीच बसवलेलं असतं. सीटच्या वर पाणी म्हणजे ते पूर्ण बुडालेलं. अपघातात एअरबॅग उघडेल का, याची खात्री कुणीही देऊ शकत नाही.

त्यात तुमची जागा. वाशिष्ठीला भरती-ओहोटी गोवळकोटपर्यंत जाणवते, आणि तुम्ही गाडी वापरणार गुहागरला, समुद्राच्या वाऱ्यात. घाटमाथ्यावर जी गाडी चार वर्षं काढेल, ती आपल्याकडे खाऱ्या दमट हवेत दोनही काढेल असं मी म्हणणार नाही. तुमच्या मेकॅनिकवर माझा अविश्वास नाही. तो सव्वा लाखात गाडी चालू करून देईल. पण त्या आकड्यात हार्नेस (वायरिंगचा तो जुडगा) बदली आहे का, एअरबॅगचं मॉड्यूल आहे का, कार्पेट-फोम नवा आहे का, हे त्याला विचारा. बहुधा उत्तर ‘स्वच्छ करून वाळवू’ असं येईल.

पैशांचा हिशेब तुमच्या आकड्यांत घालतो. गाडीवर बँकेचा बोजा असल्यामुळे कुठल्याही पर्यायात आधी बँकेचे ६२,००० जातील. गाडी सोडलीत तर २,९७,००० हातात, आणि बँकेची एनओसी. गाडी ठेवलीत तर २,०२,००० मिळतील, त्यातले १,२५,००० दुरुस्तीला, उरले ७७,००० आणि गाडी. दोन्हींतला फरक २,२०,०००. बुडालेली म्हणून जाहीर केलेली गाडी उद्या विकायची तर ही किंमत येणार नाही, आणि जाहीर न करता विकणं हे दुसऱ्याच्या मुलांना त्या घाटात पाठवणं आहे. क्लेम मिटेपर्यंत हप्ते मात्र थांबवू नका. ‘गाडीच नाही तर हप्ता कसला’ म्हणून पुष्कळ लोक थांबवतात आणि सिबिल बिघडवून घेतात.

माझं मत कुठे बदलेल तेही सांगतो. पाणी फक्त कार्पेटपर्यंत असतं, सीटच्या गादीला लागलं नसतं, तर मी म्हटलं असतं की एस्टिमेट पुन्हा तपासून घ्या, बहुधा ही टोटल लॉस नाही. गाडी जुनी, साध्या वायरिंगची, एअरबॅग नसलेली आणि फक्त गावातल्या गावात बागेच्या कामाला वापरायची असती, तरी कदाचित ठेवा म्हटलं असतं. तेव्हा पाणी नेमकं कुठवर होतं ते पक्कं करा. चालकाचा सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. आत गुंडाळलेल्या पट्ट्यावर गाळाची रेघ असेल तर पाणी तिथवर गेलं होतं. सीटा धुतल्या तरी ती रेघ राहते.

कागदांकडे येतो. इथे मी थोडा आग्रही आहे, कारण पुरापेक्षा जास्त नुकसान मी इथे झालेलं बघितलंय.

कुणीतरी तुम्हाला एक तिसरा मार्ग सुचवेल: २,६४,००० घ्या, आणि गाडी भंगारवाल्याला १,१०,००० ला द्या, पंधरा हजार वर सुटतील. हे करू नका. पुरातल्या गाडीला इतका भाव देणाऱ्या माणसाला काही वेळा पत्रा नको असतो, आरसी आणि चासी नंबर हवा असतो. तो नंबर चोरीच्या गाडीवर चढतो. ती गाडी कुठे अपघात करते आणि समन्स तुमच्या दारात येतं. गाडी विकली होती, ताबा दिला होता, हे सांगून सुटका होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट म्हटलंय की अपघाताच्या दिवशी आरसीवर ज्याचं नाव, तोच मोटार वाहन कायद्याच्या दृष्टीने मालक आणि भरपाईला तोच जबाबदार.

हाच नियम गाडी कंपनीला दिलीत तरी लक्षात ठेवा. कंपनी गाडी स्वतःकडे ठेवत नाही, ऑनलाइन लिलावात सर्वात जास्त बोली लावणाऱ्या सॅल्व्हेजवाल्याला, म्हणजे मोडक्या गाड्या घेणाऱ्याला, देते. तुमच्याकडून मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेतल्या जातात, पुष्कळदा कोऱ्या. कोऱ्या फॉर्मवर सही करू नका. घेणाऱ्याचं नाव-पत्ता लिहून घ्या, त्याच्या ओळखपत्राची प्रत घ्या, आणि गाडी नेताना चासी नंबर, इंजिन नंबर, तारीख आणि वेळ लिहिलेली पोच घ्या. यापेक्षा चांगलं म्हणजे कंपनीला लेखी विचारा की आरसी रद्द करून द्यायची आहे का. गाडी कायमची निकामी झाली तर चौदा दिवसांत आरटीओला कळवून आरसी जमा करायची, असं कायद्याचं कलम ५५ सांगतं. तुमची एमएच ०८ म्हणजे रत्नागिरीला जावं लागेल. बँकेची एनओसी, आरसीवरचा बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ आणि थकलेले चलन आधी मिटवून जा, नाहीतर दुसरी खेप पडते. त्यानंतर महिन्या-दीड महिन्याने परिवहनच्या ॲपवर नंबर टाकून मालकाचं नाव आणि आरसीची स्थिती बघा. नाव तुमचंच आणि आरसी चालू दिसली तर लगेच कंपनीला ईमेल.

आरसी आणि पॉलिसी वडिलांनंतर तुम्ही स्वतःच्या नावावर करून घेतलीत असं लिहिलंय, ते वेळेवर केलंत. हे वाचणाऱ्या इतरांसाठी सांगतो: मालकाच्या मृत्यूनंतर पॉलिसी तीन महिने किंवा तिची मुदत संपेपर्यंत, यातलं जे आधी येईल तोवरच चालते. पुष्कळ घरांत गाडी वर्षानुवर्षं दिवंगत माणसाच्या नावावर चालते आणि क्लेमच्या दिवशी घरच्यांचे हाल होतात.

सही करण्यापूर्वी कंपनीकडून तीन गोष्टी लेखी घ्या. सर्व्हे रिपोर्टची प्रत, जी मागितल्यावर मिळायला हवी. सॅल्व्हेजच्या बोलीचा कागद, कारण तुम्ही शेवटी गाडी ठेवायची ठरवलीत तर ९५,००० खरी बोली आहे की अंदाज, हे कळायला हवं. आणि वर्कशॉपचं पार्किंग व एस्टिमेटचा आकार कोण भरणार याचं उत्तर. दुरुस्ती आपल्याकडे होणार नाही म्हटल्यावर काही वर्कशॉप दिवसाच्या हिशेबाने पैसे मागतात, आणि गाडी अडवून ठेवतात. टोइंगची पावतीही जोडा. साध्या पॉलिसीत त्याचे १,५०० पर्यंत मिळतात.

आकड्यावरून वाद झालाच तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लिहा. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जाता येतं. तिथे फी नाही, वकील लागत नाही, आणि कंपनीच्या शेवटच्या उत्तरापासून वर्षाची मुदत असते. तुमच्या पत्रात मात्र मला वादाचं काही दिसत नाही. आकडे नियमाला धरून आहेत.

राहिली वडिलांची गोष्ट. ती छोटी आहे असं मी म्हणणार नाही. माझ्यासमोर माणसं गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून रडलेली आहेत. एका बाईंनी मला विचारलं होतं, स्टीअरिंगचं कव्हर काढून घेऊ का, यजमानांनी शिवलेलं आहे. मी म्हटलं, घ्या. असल्या वस्तू ताबा देण्याआधी काढून घ्यायला सहसा कुणी हरकत घेत नाही, फक्त गाडीचा मूळ पार्ट काढू नका. डॅशवरचा गणपती, वडिलांची चष्म्याची डबी, कप्प्यातली त्यांच्या अक्षरातली पेट्रोलची वही असेल तर ती, सगळं घेऊन या. काचेवरचा फास्टॅग खरवडून काढा आणि खातं बंद करा.

म्हणून परवा वर्कशॉपला जाल तेव्हा उंबऱ्याची पट्टी उचलून फोम दाबून बघा, सीटबेल्ट पूर्ण ओढा, एक कनेक्टर उघडा, आणि तिन्हींचे फोटो टाका. पट्ट्यावर रेघ नसेल आणि पिना पिवळ्या असतील तर मी वर लिहिलेलं मत बदलायला तयार आहे, आपण पुन्हा बोलू.